मी खोडलेलं 'गं बाई'

मराठीत पीएच.डी. करायची ठरवली की पहिल्या महिन्यातच एक विषय हमखास सुचवला जातो. सुचवणारा कधी सीनियर असतो, कधी लायब्ररीतला मित्र, कधी चहाच्या टपरीवर भेटलेला कुणीतरी. विषय असा : 'अमुक कवीच्या कवितेतील अलंकारयोजना : एक चिकित्सक अभ्यास'. विषय सुरक्षित आहे. कवितासंग्रह घरी आणायचे, पेन्सिलीनं उपमा-उत्प्रेक्षा अधोरेखित करायच्या, एकेका अलंकाराचं एकेक प्रकरण पाडायचं आणि शेवटी तक्ता जोडायचा. यातला 'चिकित्सक' हा शब्द बहुतेक वेळा नुसता शोभेला असतो. मीही मुलाखतीला असंच काहीतरी घेऊन गेलो होतो. तुम्ही सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल, तर या विषयात नेमकं काय निसटतं ते सांगतो. मला ते एका वहीनं शिकवलं, आणि ती वही मीच बिघडवलेली होती.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचा. बालाघाटाच्या डोंगररांगेतलं हे तालुक्याचं गाव. बाहेरच्या माणसाला वाशी म्हटलं की नवी मुंबई आठवते, मग आम्ही 'तेरखेड्याच्या फटाक्यांजवळचं वाशी' असं सांगतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून मी आजीच्या ओव्या उतरवून घेतल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती ओसरीवर बसून म्हणायची, मी वहीत लिहायचो. मोबाईल खिशातच होता. पण रेकॉर्ड करावं असं डोक्यात आलंच नाही. लिहून घेतलं की झालं, शेवटी छापायचं तर शब्दच आहेत, असा माझा समज.

मग वही 'साफ' केली. आजी ओवीत मध्येच 'गं बाई' म्हणायची, कधी नुसतं 'बाई', कधी एखादा शब्द दोनदा घ्यायची, कधी 'माझ्या' हा शब्द गरज नसताना यायचा. मी नुकतंच छंदांचं प्रकरण वाचलेलं होतं. अक्षरं मोजायची हौस ताजी होती. ओळी लहान-मोठ्या दिसत होत्या, म्हणून जिथं जिथं हे 'भरीचे' शब्द होते तिथं काट मारली. पक्की प्रत तयार झाली तेव्हा ओव्या एकदम नेटक्या दिसू लागल्या. कच्ची वही रद्दीत गेली. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. दोन वर्षांनी आजी गेली.

आता पीएच.डी.साठी मला नेमकं हेच हवं आहे : लिहिता न येणाऱ्या बायका लय कशी सांभाळतात, आणि शाळेत अलंकार-वृत्तं शिकलेली मुलं ती कशी हरवून बसतात. त्यासाठी जी सामग्री घरात होती, तिच्यातला तेवढाच भाग मी काढून टाकलेला आहे.

काय गेलं ते एका उदाहरणानं दाखवतो. ही ओवी आजीची नाही, उदाहरणापुरती मी जुळवली आहे :

वाशीच्या बाजाराला गेला माझा भाऊ
भाच्याच्या हातावर ठेवी थोडा खाऊ

अक्षरं मोजा. पहिल्या ओळीत सात आणि सहा, तेरा. दुसरीतही सात आणि सहा. शेवटी भाऊ-खाऊ असं यमक. परीक्षेच्या पेपरला शोभेल अशी रचना. आता म्हणणारी बाई हे कसं म्हणेल ते बघा :

वाशीच्या बाजाराला, गं बाई, गेला माझा भाऊ
भाच्याच्या हातावर ठेवी, गं बाई, थोडा खाऊ

कागदावर हिशेब तसा बिघडत नाही, दोन्हीकडे तीन-तीन अक्षरं वाढली. पण ती एकाच जागी वाढलेली नाहीत. पहिल्या ओळीत 'गं बाई' बरोबर मध्यावर येतं, जिथं श्वास घ्यायचा असतो. दुसऱ्या ओळीत ते दोन अक्षरं पुढं सरकलं आहे, क्रियापद होऊन गेल्यावर. भाच्याच्या हातावर ठेवलं खरं, पण काय ठेवलं? ते कळायला ऐकणारीला 'गं बाई' एवढा वेळ थांबावं लागतं. 'भाऊ' हा शब्द कानात आहे, त्याचं यमक येणार हे कानाला माहीत आहे, आणि ते मुद्दाम लांबवलेलं आहे. म्हणजे ज्याला मी भरीचा शब्द समजलो, तो यमकाला धार लावत होता. आणि आजी तो प्रत्येक ओवीत एकाच ठिकाणी घालायची का, की जागा बदलायची? नेमकी कुठल्या ओव्यांत बदलायची? माझ्या वहीत याचं उत्तर नाही. साफ केलेल्या प्रतीत सगळ्या ओव्या सारख्याच दिसतात.

तुम्ही म्हणाल, हे लोकगीतांपुरतं ठीक आहे. लिहिलेल्या कवितेचं काय? इथं आपल्याकडच्या सगळ्यात काटेकोर मोजणाऱ्या माणसाकडे जाऊ. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ बहुतेकांनी लायब्ररीत फक्त कपाटात पाहिलेला असतो. लोकांना वाटतं, हा लघु-गुरू मोजायचा कोश. प्रत्यक्षात पटवर्धनांनी मराठी पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे जे तीन वर्ग केले, त्यांचा पाया उच्चारात आहे. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांचा हिशेब, आणि अभंग-ओवीच्या छंदात मात्र लिहिताना ऱ्हस्व असलेलं अक्षरही म्हणताना लांबवलं जातं, सगळी अक्षरं सारख्याच वजनाची होतात. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार हे आकडे आपण पाठ करतो. पण 'विठ्ठल' या शब्दातला शेवटचा 'ल' टाळ-मृदंगावर किती लांबतो ते कागदावर दिसत नाही. ते कीर्तनात बसलेल्या माणसालाच माहीत असतं. छंद हा वर्गच कानानं ओळखायचा आहे, आणि आपण तो बोटांवर मोजून ओळखतो.

अलंकारांचंही असंच आहे, फक्त तिथं गोष्ट जास्त जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ती यादी वाढवत वाढवत शंभराच्या वर नेली, आणि आपल्या नशिबी तिची पाठांतरं आली. पण ही पहिली यादी कुठल्या ग्रंथात आहे बघा. नाट्यशास्त्र हे रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या माणसाला शिकवणारं पुस्तक आहे. त्याच ग्रंथात 'काकू'ची चर्चा आहे, म्हणजे आवाजाच्या चढउतारानं एकाच वाक्याचा अर्थ कसा बदलतो त्याची. (वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावर हशा ठरलेला, कारण प्रत्येकाला शेजारची काकू आठवते.) अलंकार आणि काकू मुळात एका घरात राहत होते. आपण अलंकार अभ्यासक्रमात घेतले आणि काकूला दाराबाहेर ठेवलं.

नवव्या शतकातल्या आनंदवर्धनानं तर 'ध्वन्यालोका'त एक कसोटीच दिली आहे. खरा अलंकार 'अपृथग्यत्ननिर्वर्त्य' असतो, म्हणजे तो आणण्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, रसाच्या ओघातच तो घडतो. म्हणूनच त्याचा यमकावर राग आहे. यमक जुळवायला कवी मुद्दाम थांबतो, आणि थांबला की शृंगारासारखा नाजूक रस निसटतो. हे मत मला पूर्ण पटत नाही. आपल्या ओवीत यमक इतकं मुरलेलं आहे की त्याला वेगळा प्रयत्न लागतच नसावा; आनंदवर्धनासमोर संस्कृत काव्य होतं, जातं नव्हतं. पण कसोटी मोलाची आहे. तुमच्या प्रबंधात 'या कवितेत सतरा उपमा आहेत' असं वाक्य येईल, तेव्हा मार्गदर्शकांनी विचारायला हवा तो प्रश्न हा : त्यातल्या किती वेगळ्या काढून ठेवता येतील, आणि काढल्यावर कवितेचं काय होतं?

हे सगळं मला पुस्तकातून समजलं असं सांगितलं तर खोटं होईल. मागच्या हिवाळ्यात वाशीजवळच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांबरोबर मी चार शनिवार घालवले. अलंकार शिकायचे, स्वतःची कविता लिहायची, ती उभं राहून सादर करायची, असा साधा बेत होता. पुढं तालुका पातळीवर काव्यवाचनाची एक स्पर्धा होती, तिची तयारीही होणार होती. पहिल्या शनिवारी मी फळ्यावर उपमा, रूपक, चेतनागुणोक्ती, अनुप्रास सगळं लिहिलं. दुसऱ्या शनिवारी सांगितलं, 'कवितेत एक तरी अलंकार आला पाहिजे.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कविता आल्या. आई चंद्रासारखी, माया सागरासारखी, बाप वडासारखा. छाया-माया, सागर-घागर अशी जोड्याजोड्यांनी आलेली यमकं. मुलं हुशार होती, सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. एका मुलीनं आईवर बारा ओळी लिहिल्या होत्या, त्यात पाच उपमा. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ती चुलत्याकडे राहून शाळा शिकते. कवितेत यातलं काहीही नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी कागद काढून घेतले आणि म्हणालो, आता न बघता म्हणा. अडलात तर जे सुचेल ते म्हणा, थांबू नका. तिचा नंबर आला. चंद्राची ओळ झाली, सागराची झाली, आणि ती अडली. थोडा वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली :

दसरा झाला, टोळी गेली
घराला कुलूप, कुलपाला मी

आणि बसली. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलानं विचारलं, 'म्हंजे तू किल्ली हैस का?' ती म्हणाली, 'न्हाई. राखण.' रोज संध्याकाळी ती आपल्या घराचं कुलूप ओढून बघून येते, असं नंतर कळलं.

या दोन ओळींवर मी तेव्हापासून किती पानं लिहिली आणि फाडली याचा हिशेब नाही. समीक्षा करायचीच असेल तर अशा ओळींची करा. घराला कुलूप, कुलपाला मी : आधीच्या शब्दाला पुढचा शब्द चिकटत जाणारी ही साखळी. जुन्या शास्त्रात तिला 'एकावली' म्हणतात. मुलीला हे नाव माहीत नव्हतं आणि मी ते फळ्यावर लिहिलेलंही नव्हतं. नाव कळल्यानं ओळीत काही वाढत नाही, पण नाव घेऊन थोडं पुढं गेलं तर वाढतं. पहिल्या ओळीत दोन तुकडे आहेत आणि दोन्ही क्रियापदांवर संपतात, झाला आणि गेली. दुसऱ्या ओळीत क्रियापदच नाही. जे काही घडतं ते दसऱ्याकडे आणि टोळीकडे घडतं. घर, कुलूप आणि मुलगी यांच्याकडे घडण्यासारखं काही उरलेलं नाही, ती तिघं नुसती आहेत. एकावलीत प्रत्येक कडी आधीच्या कडीला सजवते अशी अपेक्षा असते. इथं प्रत्येक कडी आधीच्या कडीनं अडकते. यमकाची वाट बघणाऱ्या कानाला 'गेली'नंतर 'ली' नाही तर निदान 'ला' मिळेल असं वाटत असतं, आणि हातात 'मी' हे एकच अक्षर येतं. म्हणताना 'कुलपाला'नंतर तिनं जो खंड घेतला, तो मी वहीत आडवी रेघ मारून नोंदवला. या वेळी रेकॉर्डिंगही केलं होतं, शाळेची आणि तिच्या चुलत्यांची परवानगी घेऊन.

आता स्पर्धा. तिथं तिनं कुठली कविता म्हटली? चंद्र-सागरवाली. मी विचारलं तर म्हणाली, 'सर, त्या दोन ओळीत अलंकार कुठाय?' गुणांच्या तक्त्यात आशय, अलंकार, हावभाव आणि वेळ असे रकाने होते, ते शाळेत आधीच आलेले होते. पण तक्त्याला दोष देऊन मला सुटता येत नाही. 'एक तरी अलंकार आला पाहिजे' हे वाक्य माझंच होतं. आजीच्या वहीतून जे हात काट मारत गेले, तेच हात इथंही होते. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. चंद्राला मिळालं, खरं तर.

ही सवय लागते कुठं ते तुम्हाला माहीत आहे. दहावीला कवितेचं रसग्रहण असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे मुद्दे, आणि गाईडमध्ये प्रत्येक मुद्द्याला चार तयार वाक्यं. 'कवीने समर्पक प्रतिमांचा वापर करून आशय प्रभावीपणे मांडला आहे' हे वाक्य जगातल्या कुठल्याही कवितेला चालतं. आपण ते दहावीत लिहितो, बी.ए.ला लिहितो, एम.ए.ला लिहितो, आणि मग शोधनिबंधात 'प्रस्तुत' हा शब्द लावून पुन्हा लिहितो. मुद्दे वाईट नाहीत. आशय, काव्य आणि भाषा या तीन वेगवेगळ्या पेट्या आहेत असं जे मनावर ठसतं, ते वाईट. त्या मुलीच्या ओळीत क्रियापद नसणं ही भाषिक गोष्ट आहे, काव्याची आहे की आशयाची? तीनपैकी एका पेटीत टाकून दाखवा.

मग तंत्र शिकवूच नये का? असं म्हणणारे लोक आहेत. 'कविता आतून यावी लागते' वगैरे. मला ते पटत नाही, आणि त्याला उत्तर म्हणून मी सुरेश भटांचं नाव घेतो. त्यांची 'गझलेची बाराखडी' वाचली नसेल तर या आठवड्यात वाचा, छोटीशीच आहे. मतला, काफिया, रदीफ, अलामत असं सगळं नियमांसकट, रोखठोक. नवीन लिहिणाऱ्यांपर्यंत ती पोचावी म्हणून भट स्वतः झटले. त्यातला अलामतीचा भाग बघा. काफियाच्या आधीचा स्वर शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे, हा तो नियम. लिहिताना हा नियम जाचक वाटतो, पण गझल मोठ्यानं म्हटली की एखाद्या शेरात स्वर बदललेला असला तर मुशायऱ्यातल्या न शिकलेल्या श्रोत्यालाही खटकतं. कारण नियम कानातूनच आलेला आहे. भटांची बाराखडी आणि शाळेतलं अलंकारांचं प्रकरण, दोन्हीकडे व्याख्या आहेत, दोन्हीकडे उदाहरणं आहेत. फरक असा की बाराखडी वाचून झाल्यावर पुढं काय करायचं ते वाचणाऱ्याला कळतं : लिहायचं, म्हणायचं आणि कुठं खडा लागतो ते ऐकायचं. अलंकारांचं प्रकरण वाचून झाल्यावर पुढं रिकाम्या जागा भरायच्या असतात.

आपल्या जिल्ह्यात तर याची दंतकथाच आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळीत कोण पक्कं, कोण कच्चं ते कसं ठरवलं? मडकं घडवायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले, आणि नामदेव कच्चे निघाले. कुंभार मडकं डोळ्यांनी पारखत नाही, आवाजावरून पारखतो. जानेवारी २०२० मध्ये ९३वं साहित्य संमेलन धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि उद्घाटक ना. धों. महानोर. अशा संमेलनांतल्या कविकट्ट्यावर थोडा वेळ बसून बघा. छापलेलं वाचून मान डोलावली असती अशा कविता माईकसमोर बद्द वाजतात, आणि कागदावर जिच्याकडे बघितलंही नसतं अशी एखादी कविता खणकन वाजते. उलटही होतं, हे कबूल करायला हवं. नुसत्या हावभावांनी आणि 'पुन्हा एकदा ऐका' म्हणून टाळ्या घेणाऱ्या कविताही पुष्कळ असतात. म्हणून सादरीकरण हा अंतिम निवाडा आहे असं मी म्हणत नाही. सादरीकरण हा पुरावा आहे, आणि आपल्या प्रबंधांत तो जवळजवळ कधीच येत नाही.

तुम्हाला या दिशेनं काम करायचं असेल तर परदेशातलं एक काम वाचावंच लागेल. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात तेव्हाच्या युगोस्लाव्हियात महाकाव्यं गाणाऱ्या लोकांचं रेकॉर्डिंग केलं. लॉर्डचं 'द सिंगर ऑफ टेल्स' १९६० मध्ये आलं. गाणारा हजारो ओळी पाठ करत नाही, लयीत बसणारे तयार शब्दसमूह हाताशी ठेवून गातागाताच रचतो, हा त्यांचा मुख्य शोध. आपल्या ओव्यांतही अशी तयार अर्धी ओळ पदोपदी भेटते. पण हे मॉडेल उचलून तसंच चिकटवू नका. तो गाणारा श्रोत्यांसमोर बसलेला आहे, त्याला त्यांना धरून ठेवायचं आहे. जात्यावरच्या बाईला पहाटेच्या अंधारात श्रोते नाहीत, असली तर समोर बसून खुंटा धरणारी जाऊ किंवा नणंद. तिचे तयार शब्द हाताच्या फेऱ्याला आधार देतात. दळण संपेपर्यंत दम टिकला पाहिजे, हा तिचा व्याकरणाचा नियम.

आणि सामग्रीची अडचण फक्त माझ्या वहीची नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या आता वाचता-ऐकता येतात. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. एवढं प्रचंड काम, तरी त्यातल्या थोड्याच ओव्यांचा आवाज आहे, बाकीच्या कागदावर आहेत. बहिणाबाईंच्या बाबतीत तर आवाज नाहीच. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' आली, आणि आपण वाचतो ते त्यांच्या घरच्यांनी कानानं ऐकून कागदावर उतरवलेलं रूप. उतरवताना काय गळलं ते कुणी सांगू शकत नाही. तेव्हा बहिणाबाईंच्या अक्षरसंख्येवर ठाम विधान करण्याआधी हे एक वाक्य तरी प्रबंधात लिहा.

माझं स्वतःचं काम आता कसं चाललंय? रेकॉर्डिंग आधी, लेखन नंतर. एकच ओवी त्याच बाईकडून तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकायची. वहीचे दोन भाग पाडायचे : डावीकडे ऐकू आलं ते सगळं, अडखळण्यासकट आणि खोकल्यासकट; उजवीकडे माझं वाचन. डाव्या बाजूला काट मारायला मनाई. म्हणणारी बाई जात्यावर बसली होती की खुर्चीवर, एकटी होती की सोबत कुणी झील धरत होतं, हेही तिथंच. गळा कुठला होता तेही. आमच्याकडे बायका चालीला 'गळा' म्हणतात, आणि 'ह्या गळ्यावर ती ओवी बसत न्हाई' असं त्या सहज सांगून जातात. छंदशास्त्राचं याहून नेमकं वाक्य मला अजून छापलेलं सापडलेलं नाही.

दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. आजीच्या साफ केलेल्या ओव्या तिला वाचून दाखवल्या. सात-आठ ऐकल्यावर तिनं हातानंच थांबवलं. 'ही आईची न्हाई,' म्हणाली. शब्द सगळे आजीचेच होते, मी शपथेवर सांगितलं. 'शब्द आसतील,' ती म्हणाली, 'पर आईचा दम कुठं हाय ह्यात?' मग तिनं जातं बाहेर काढायला लावलं. त्याचा खुंटा कधीच हरवला होता, पाळीत उदबत्तीची राख साचलेली. तिनं खुंट्याच्या जागी लाटणं ठोकलं, मूठभर ज्वारी टाकली आणि फोन जवळ ठेव म्हणाली. पहिली ओवी म्हटली ती माझ्या वहीतलीच होती. 'गं बाई' पहिल्या ओळीत मध्यावर आलं. दुसऱ्या ओळीत आलंच नाही. मी विचारलं, आजी पण असंच म्हणायची का? आत्या दळायची थांबली, जरा विचार केला आणि म्हणाली, 'तिचं येगळं व्हतं. तिला दमा हुता नव्हं.'